पाचव्या बरगडीमागे

तळवली गावठाण, रात्रीचे सव्वानऊ.
समोरच्या टॉवरचा हॅलोजन थेट गोठ्यात,
म्हणून बॅटरी काढावी लागली नाही.

म्हशीचं नाव चिंबोरी. शिंगं तशीच, आत वळलेली.
गळ्याखाली पाण्याची पोळी लोंबतेय,
मानेची शीर अंगठ्याएवढी जाड,
कोपरं बाहेर काढून उभी,
काखेत कुणी निखारा ठेवावा तशी.
चढ चढते म्हणे. उताराला पाय टाकत नाही.

"आठ दीस झाले, तोंड लावीत नाय," जनूबाई मढवी म्हणाल्या.
"आनि गाभन हाय. दहावा सरत आलाय."

स्टेथोस्कोप लावला.
डावीकडे ठोका नव्हता.
होता, पण लांब,
भिंतीपलीकडच्या घरात कुणी मसाला कुटतंय एवढा.
आणि अलीकडे खळखळ,
अर्ध्या भरलेल्या कळशीची.

सांगितलं: काळजाभोवती पिशवी असते, ती भरलीय.
मुठीला उघडायलाच जागा नाही,
मग ती घेईल काय आणि देईल काय.
"मंग फोरा," म्हणाल्या,
गळू फोडायला सांगावं तसं.

मी हे दोनदाच केलंय.
त्यातली एक सुईवरच कोसळली.
तेही सांगितलं. सांगावं लागतं.
त्यांनी पदर खोचला आणि बादली आणायला गेल्या.

पुतण्या प्रणीत नाकाची वेसण धरून.
दाढीच्या ब्लेडने मी केस काढले, तळहाताएवढे,
आयोडीन, भुलीचं इंजेक्शन, कातडीला लहानशी चीर.
बरगडीच्या मागच्या काठाने रक्तवाहिनी जाते,
म्हणून पुढच्या बरगडीला हात न लावता
सहावीच्या पुढच्या काठाला चिकटून आत.
सुई आपोआप नाचू लागली तर थांबायचं,
ते हृदय.

आधी काहीच नाही.
मग वास.
ओहोटीनंतर खाडीच्या चिखलाला येतो, त्याच्या चौपट.
प्रणीतने तोंड फिरवलं, वेसण सोडली नाही.
पेंढा भिजवलेल्या पाण्याच्या रंगाचं,
मध्ये नासक्या दुधाचे गोळे,
रंगाच्या रिकाम्या बादलीत, हळूहळू.
हळूहळूच. घाई केली तर तीच बसते खाली.
दोनदा नळी तुंबली. दोनदा सलाइनने मोकळी केली.
चार लिटर. मग थोडं अजून.

चिंबोरीने मान खाली घेतली,
हात चाटला, माझा नव्हे, जनूबाईंचा.
पुन्हा ऐकलं.
कुटणं आता याच घरात होतं.

"बरी झाली?"
नाही. तार आतच आहे.
जाळीतून पुढे सरकून टोचतेय, पू होतोय,
पाणी पुन्हा भरेल.
मी तुम्हाला दिवस काढून दिलेत, म्हैस नाही.

तार म्हणजे बाइंडिंग वायर, सळयांना बांधतात ती,
गवताबरोबर जाते, जिभेला कळत नाही.
आधीच एक लोहचुंबक गिळवलं असतं, बोटाएवढं,
तर ते पोटात बसून राहिलं असतं जन्मभर,
तार धरून.
"लोखंड खाल्लं त्याला लोखंड खावाला देवाचा?"
जनूबाई पहिल्यांदा हसल्या.
मग टॉवरकडे बघत राहिल्या.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट त्यांचाच.
तिसरा मजला प्रणीतच्या नावावर.
कुणी काही बोललं नाही,
बादली कुठे ओतायची एवढंच विचारलं.
खड्डा खणा, म्हटलं. चुना टाका. गटारात नको.

पंधराव्या दिवशी फोन.
"पारडी झाली. उभी हाय."
मी थांबले. त्याही.
मागे सळई कापल्याचा आवाज येत होता, लांबवर,
आणि तो थांबल्यावर
एक कोवळं, घोगरं ओरडणं, भुकेचं,
ज्याला आईकडून उत्तर येत नव्हतं.

"डॉक्टरीनबाय,
हिला कंदी द्याचा तो चुंबक?"

वर्षाची होऊ द्या, म्हटलं.
तोवर बाटलीने पाजा. कोमट.
आणि अंगण रोज झाडा.